पहाटेचे पाणी, दुपारचे पाणी

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातील दोन तालुके कोकणात मोडत असले, तरी त्यांना समुद्र दिसत नाही. पूर्वेस सह्याद्रीचा कडा, पश्चिमेस माथेरानचा डोंगर, आणि या दोहोंच्या मधल्या सखल पट्ट्यातून उत्तरेकडे वळलेली उल्हास व पश्चिमेकडे निघालेली पाताळगंगा, अशी या मुलखाची मांडणी आहे. येथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो जवळजवळ सारा चार महिन्यांतच पडून जातो, आणि फाल्गुन उलटता उलटता गावोगावचे ओढे कोरडे पडतात. जो शेतकरी येथे तळे खणून त्यात मासे सोडतो, त्याच्या तळ्यात साठलेले पाणी बहुतांशी असे आभाळातून नुकतेच उतरलेले, कातळाशी फारसा सहवास न घडलेले, क्षारांच्या बाबतीत दरिद्री पाणी असते. या भागातील माशांच्या रोगांचा विचार करावयाचा, तर तो माशापासून न करता या पाण्यापासून करावा लागतो, असे मला वाटते, आणि प्रस्तुत लेखाचा सारा खटाटोप तेवढ्याचसाठी आहे.

माशांशी या प्रदेशाचा संबंध पुरातन आहे. मात्र तो मासे पकडण्याचा आहे, पाळण्याचा नव्हे. मृगाच्या पहिल्या सरी कोसळून ओहोळ वाहू लागले, की नदीतील मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट दिशेने भातखाचरांत चढतात. त्यालाच येथे वलगण म्हणतात, आणि त्या रात्री विजेऱ्या, पाग, जे हाती लागेल ते घेऊन कातकरी, ठाकूर, आगरी, कुणबी असे सारे गाव बांधावर उतरते. या रानमाशांच्या आरोग्याची चिंता कोणास कधी वाहावी लागली नाही, कारण वाहत्या पाण्यात मलमूत्र साचत नाही, गर्दी झाली तर मासा दुसरीकडे निघून जातो, आणि जो दुर्बळ असेल त्यास बगळा किंवा पाणसाप उचलून नेतो. तळ्यातल्या माशाला यांपैकी एकही सवलत नाही. तो जेथे खातो तेथेच मलविसर्जन करतो, आणि त्याच पाण्यातून श्वास घेतो; गाईचा गोठा रोज सकाळी लोटून काढता येतो, पण माशाचा गोठा, त्याची गव्हाण आणि त्याची हवा ही तिन्ही एकच वस्तू असल्याने ती लोटून टाकण्याची सोय नाही.

पाळीव मासा या तालुक्यांत आला तो गेल्या तीनचार दशकांत. नेरळजवळच्या मालेगावात चंद्रशेखर भडसावळे यांनी उभारलेल्या सगुणा बागेने भातशेती, तळ्यांतील मत्स्यपालन आणि कृषी-पर्यटन यांचा संसार एकत्र नांदू शकतो हे पुष्कळांच्या आधी दाखवून दिले. पुढे २०१६ साली राज्य शासनाची ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली, २०२० साली केंद्राची प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आली, आणि तिच्याबरोबर ताडपत्रीच्या गोल टाक्यांतील बायोफ्लॉकचे वेड आले. मुंबई-पुण्याच्या धनिकांनी कर्जतच्या परिसरात जी शेतघरे बांधली, त्यांच्या आवारांतही तळी आली, आणि तळे आहे म्हणून मासेही आले. रोहू, कटला, मृगळ हे जुने मानकरी. त्यांच्या जोडीला सायप्रिनस, गवत्या, पंगस, तिलापिया, आणि बाजारात रूपचंद या गोंडस नावाने विकला जाणारा परदेशी पाहुणा. उत्साह होता, अनुदान होते, बोटुकली विकणारे दलालही होते. ज्याची उणीव भासली ती पाण्याकडे रोज पाहणाऱ्या डोळ्याची.

मासा आजारी आहे हे पालकास कळते कधी? गढूळ हिरव्या पाण्याखाली तीन हातांवर काय चालले आहे ते दिसत नाही. पहिली वार्ता बहुधा खाद्याच्या ताटातून येते: काल फस्त झालेले खाद्य आज उरते. मग काही मासे कडेला येऊन सुस्त फिरू लागतात, अंग तळाशी किंवा खुंटाला घासतात, कल्ले फिकट पडतात, परांच्या कडा झिजतात, खवल्यांखाली रक्ताळलेले ठिपके उमटतात, एखाद्याचे पोट फुगते. आणि त्यानंतर दोनचार दिवसांनी सकाळी पांढरी पोटे वर करून मेलेले मासे तरंगतात. पालक तेव्हा औषधाच्या दुकानाकडे धावतो. परंतु या क्रमातील पहिली पायरी दिसण्यापूर्वीच रोगाचा अर्धा प्रवास झालेला असतो, आणि जो मासा खातच नाही त्याच्या पोटात खाद्यात कालवलेले औषध जाणार तरी कसे?

पोलंडमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत मत्स्यरोगशास्त्राचा पाया घालणारे स्टॅनिस्लास स्निएश्को यांनी १९७४ साली एका निबंधात हा विषय फार नेमका मांडला. मासा, रोगजंतू आणि परिसर अशी तीन वर्तुळे त्यांनी कल्पिली, आणि ही तिन्ही जेथे एकमेकांवर येतात तेवढ्याच भागात रोग उद्भवतो असे प्रतिपादन केले. रोहू-कटल्याच्या अंगावर रक्ताळलेले व्रण उठविणारा एरोमोनास हायड्रोफिला हा जंतू निरोगी तळ्यातही असतो, ओढ्यातही असतो, विहिरीतही सापडतो. वर्षभर तो माशाच्या शेजारी मुकाट्याने राहतो. मग अमुक एका आठवड्यातच तो शेजारी वैरी का होतो? जंतू तोच, मासाही तोच; मधल्या काळात पाणी बदललेले असते. त्या बदलाने माशाचा प्राण जात नाही, पण त्याची प्रतिकारशक्ती खचते, कल्ल्यांवरील नाजूक त्वचा सुजते, अंगावरील बुळबुळीत संरक्षक आवरण विरळ होते. पाण्याची परीक्षा जंतू दाखवीत नसली, तरी जंतूला दार कधी उघडे मिळणार हे ती दाखविते, आणि लवकर निदान म्हणून जे काही सामान्य पालकाच्या हाती आहे ते एवढेच आहे. ते थोडके नाही.

यातील पहिली परीक्षा पहाटेच्या पाण्याची. तीस अंश उष्णतेच्या गोड्या पाण्यात, कितीही खळबळले तरी, लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू हवेतून विरघळून राहू शकतो. दिवसा पाण्यातील सूक्ष्म शेवाळ सूर्यप्रकाशात अन्न तयार करताना आणखी प्राणवायू सोडते, म्हणून दुपारी तळे समृद्ध दिसते. सूर्य मावळला की तेच शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ, सारे मिळून रात्रभर ती पुंजी खर्च करीत राहतात, आणि सूर्योदयाच्या आधीच्या घटकेत शिल्लक सर्वांत कमी असते. ही शिल्लक पाच मिलिग्रॅमच्या वर असली तर काळजी नाही. तिनाच्या खाली गेली तर मासे वर येऊन तोंडे उघडझाप करू लागतात. फसगत होते ती या दोहोंच्या मधल्या स्थितीत, किंवा तीन मिलिग्रॅमखाली अल्पकाळ जाऊन आलेल्या स्थितीत. मासे मरत नाहीत. दहा वाजेपर्यंत ऊन चढते, प्राणवायू वाढतो, मालक तळ्यावर येतो तेव्हा सर्व काही ठीक असते. परंतु अशा चारसहा पहाटा ओळीने काढलेला मासा आतून खचलेला असतो, आणि आठवड्याभरात त्याच्या कल्ल्यांवर किंवा परांवर जंतूंचा अंमल सुरू होतो. तेव्हा आदल्या आठवड्याच्या पहाटा कोणास आठवत नाहीत, कारण त्या कोणी पाहिलेल्याच नसतात.

हा प्राणवायू मोजण्याची रीत हंगेरीच्या लायोश विंकलर यांनी १८८८ साली बसवून दिली, आणि आज विजेवर चालणारी मोजयंत्रे आली असली तरी ती रीत निवृत्त झालेली नाही. बुडबुडा न शिरू देता बाटली काठोकाठ भरावयाची, तीत मँगेनीज सल्फेटचा आणि आयोडाइडयुक्त अल्कलीचा द्रव सोडावयाचा. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, मुळीच नसेल तर तो पांढराच राहतो. पुढचे अचूक मापन नंतर करता येते, पण हा साका तळ्याच्या काठावरच बसवावा लागतो. कोणी साका न बसविता नुसतीच बाटली भरून कर्जतची लोकल पकडून शंभर किलोमीटरवर मुंबईस नेली, तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत बाटलीतील जीवजंतूंनी प्राणवायू खाल्लेला असतो, किंवा हलून हलून हवेतला आत शिरलेला असतो. मिळालेला दाखला त्या बाटलीचा असतो, तळ्याचा नसतो.

दुसरी परीक्षा दुपारची, आणि ती थोडी गहन आहे. माशाच्या खाद्यातील प्रथिनांचे पचन होऊन जो नायट्रोजन उरतो, तो मासा बहुतांशी अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. पाण्यात हा अमोनिया दोन रूपांत असतो. एक विद्युत्‌भारित रूप बरेचसे निरुपद्रवी, दुसरे मुक्त रूप अतिशय विषारी. या दोहोंची वाटणी ठरते ती मुख्यतः सामूवरून, म्हणजे पीएचवरून. समजा तळ्यात लिटरमागे एकूण १ मिलिग्रॅम अमोनिया आहे, आणि पाणी तीस अंशांवर आहे. सामू ७ असता त्यातील विषारी भाग शेकड्याला एकाहूनही कमी, म्हणजे ०.००८ मिलिग्रॅम, सामू ८ झाला की तो ०.०७५, आणि सामू ९ वर गेला की ०.४५, म्हणजे जवळजवळ निम्मा. ०.०५ मिलिग्रॅमच्या आसपासच कल्ल्यांची हानी सुरू होते हे लक्षात घेतले, म्हणजे या आकड्यांचा अर्थ उमगतो. अमोनिया तसूभरही वाढला नाही, आणि तरी पहाटे निर्वेध असलेले पाणी दुपारी तीन वाजता विषारी झाले, असे घडू शकते. ज्या अहवालात एकूण अमोनियाचा आकडा आहे, पण नमुना किती वाजता घेतला आणि त्या वेळी सामू किती होता याची नोंद नाही, तो अहवाल मोहोरबंद असला तरी त्यावरून काही ठरविता येत नाही.

आणि येथेच कर्जत-खालापूरच्या पावसाळी पाण्याचा दोष पुढे येतो. शेवाळ दिवसा पाण्यातील कर्बवायू शोषून घेते, म्हणून सामू चढतो. रात्री सारे जीव तो परत सोडतात, म्हणून उतरतो. ही चढउतार आवरून धरणारी शक्ती म्हणजे पाण्यातील विरघळलेल्या कार्बोनेटांचा साठा. त्यास अल्कता असे म्हणावे, प्रयोगशाळेत आल्कलिनिटी म्हणतात. हा साठा लिटरमागे ५० ते २०० मिलिग्रॅमच्या दरम्यान असला, तर सामूचे हेलकावे सोसण्याइतके राहतात. वीसच्या खाली गेला, तर पहाटे सामू साडेसहा आणि दुपारी साडेनऊ अशी झोके खाणारी स्थिती उद्भवते. खोल विंधनविहिरीचे पाणी कातळातून झिरपून आल्याने बहुधा पुरेसे अल्कतायुक्त असते, मात्र त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो आणि कर्बवायू जास्त असतो, म्हणून ते उंचावरून फवाऱ्याने पाडूनच तळ्यात घ्यावे लागते. उलट भाद्रपदातल्या शेततळ्यात, विशेषतः ज्याच्या तळाशी प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला आहे आणि ज्याचा मातीशी संबंधच येत नाही अशा तळ्यात, अल्कता फार खाली गेलेली असते. पंधरवड्यातून एकदा सौम्य आम्लाचे थेंब मोजून ती तपासणे हे काम शाळेच्या प्रयोगशाळेत शिकविण्याइतके सोपे आहे.

उपायही सोपा आहे, पण त्यात एक खाच आहे. अल्कता वाढविण्यासाठी चुनखडीची पूड टाकावी. ती सावकाश विरघळते आणि सामूला एका मर्यादेपलीकडे ढकलीत नाही. पुष्कळ पालक तिच्याऐवजी कळीचा किंवा विरवलेला चुना, तोही भरदुपारी, मासे असलेल्या तळ्यात सढळ हाताने ओततात. पाण्यात अमोनिया असेल तर असा चुना क्षणात सामू चढवून त्या अमोनियाला विषाचे रूप देतो, आणि मग सायंकाळी मेलेले मासे पाहून लोक म्हणतात की चुना टाकूनही रोग आटोपला नाही. कळीचा चुना रिकाम्या, वाळविलेल्या तळ्याच्या बुडाला. चुनखडी भरलेल्या तळ्याला. हा भेद प्रत्येक तळेवाल्याच्या तोंडपाठ असावयास हवा.

तथापि एकट्यादुकट्या आकड्याने निदान होत नाही. आकड्यांची चाल पाहावी लागते. म्हणून मोजयंत्राइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, गरज रोजनाम्याची आहे: तारीख, वेळ, आभाळ निरभ्र की ढगाळ, पाण्याची उष्णता, प्राणवायू, सामू, पारदर्शकता, किती खाद्य घातले व किती उरले, किती मासे मेले. यातली पारदर्शकता मोजण्यासाठी आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-ज्योतिर्विदाने १८६५ साली भूमध्य समुद्रात वापरलेली पांढरी तबकडी अद्याप पुरेशी आहे. पत्र्याची वीतभर रुंद तबकडी काळ्या-पांढऱ्या रंगाने चौकटवून, खुणा केलेल्या दोरीला बांधून पाण्यात सोडावी, आणि ती दिसेनाशी होते ते अंतर टिपावे. ते ३० ते ४० सेंटिमीटर असावे. समजा एका आठवड्यात ते ३६ वरून ३०, मग २४, मग १८ असे उतरत गेले, आणि त्याच आठवड्यात पहाटेचा प्राणवायू ५ वरून ४, मग ३ असा घसरला. यांतील कोणताही एक आकडा पाहून कोणी घाबरणार नाही. पण ओळीने वाचले तर शेवाळ माजत चालले आहे, दोन दिवस आभाळ भरून आले की ते एकदम मरेल, कुजेल आणि उरलासुरला प्राणवायू संपवील, अशी स्वच्छ नोटीस त्यात लिहिलेली आहे. खाद्य बंद करणे, काही पाणी काढून नवे घेणे, रात्री पंप चालविणे, या साऱ्याला अजून तीनचार दिवसांची मुदत असते. मासे मेल्यावर करावयाच्या पंचनाम्यापेक्षा या मुदतीचे मोल कितीतरी अधिक आहे.

या दोन तालुक्यांचे वर्ष तळ्याच्या दृष्टीने वाचले, तर धोक्याच्या वेळा बऱ्याच ठरलेल्या दिसतात. एप्रिल-मेमध्ये कर्जतचा पारा चाळिशी ओलांडतो, पाणी आटते, आणि उरलेल्या पाण्यात मासे व मळ दोन्ही दाटतात. मग मृगाचा पहिला पाऊस येतो. वरचे पाणी एकाएकी थंड व जड होऊन खाली बसते, तळाशी महिनोन्‌महिने कुजलेले, सडक्या अंड्याच्या वासाचे, प्राणवायूशून्य पाणी वर येते, आणि वलगणीच्या आनंदात असलेल्या गावातील तळ्यात त्याच पहाटे मासे गुदमरतात. आषाढ-श्रावणात पूर. २६ जुलै २००५ चा महापूर उल्हासच्या खोऱ्यात कोणी विसरलेले नाही, आणि २७ जुलै २०१९ रोजी नेरळच्या पुढे वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकून पडली होती तेही ताजे आहे. अशा पुरात बांध ओलांडून पाळीव मासे जातात हे नुकसान दिसते; रानमासे, त्यांच्या अंगावरील उवा व परजीवी तळ्यात येतात हे दिसत नाही. आणि दिवाळी उलटून थंडी पडली, की व्रणरोगाचा हंगाम सुरू होतो.

या व्रणरोगाची हकीकत थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. १९७१ साली जपानमध्ये आणि १९७२ साली ऑस्ट्रेलियात प्रथम आढळलेला हा रोग आग्नेय आशिया ओलांडून १९८८ साली भारताच्या ईशान्येकडील राज्यांत शिरला, आणि काही वर्षांतच देशाच्या बहुतेक भागांत पसरला. मरळ त्यास विशेष बळी पडते. अंगावर लाल डाग, मग खोल जखम, आणि कधी डोक्याचे हाड उघडे पडेपर्यंत मांस झडते. असा मासा बाजारात कोणी घेत नाही, आणि भीतीपोटी शेजारच्या निरोगी तळ्यातलाही घेत नाही. याचे कारण म्हणून विषाणू, जिवाणू, कीटकनाशके अशा अनेकांवर संशय घेतला गेला. अखेर अ‍ॅफॅनोमायसिस इन्व्हाडन्स हा बुरशीसदृश सूक्ष्मजीव मूळ कारण ठरला. पण त्याचे बीजाणू धडधाकट त्वचेत सहजी शिरत नाहीत. ऑस्ट्रेलियातील अभ्यासकांना असे आढळले की मुसळधार पावसानंतर आम्लधर्मी जमिनींतून वाहून आलेल्या पाण्याने माशांची त्वचा होरपळते, आणि त्या इजेतून रोग आत जातो. थंड पाणी, उतरलेला सामू, कमी अल्कता: हीच त्रिपुटी पावसाळा संपताना आपल्या तळ्यांत तयार होते. भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेने सिफॅक्स नावाचे औषध या रोगावर काढले आणि ते उपयोगीही पडले; तरीदेखील कार्तिकात अल्कता मोजून वेळीच चुनखडी टाकणाऱ्या तळ्यात त्याची बाटली उघडण्याची पाळी क्वचितच यावी.

बायोफ्लॉकच्या टाकीत हे सारे अधिक वेगाने घडते. तेथे अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे उपकारक जिवाणूही पाळलेले असतात, पण ते जिवाणू प्रत्येक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनामागे सुमारे ७ मिलिग्रॅम अल्कता खर्च करतात. मूळचेच दरिद्री पावसाचे पाणी भरलेल्या टाकीत ही शिल्लक काही आठवड्यांत संपते, रूपांतर अर्धवट राहते, आणि मधला पदार्थ जो नायट्राइट तो साचू लागतो. तो रक्तातील तांबड्या द्रव्याला प्राणवायू वाहून नेण्यास निकामी करतो. कल्ले तपकिरी दिसू लागतात, आणि पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही मासा गुदमरतो. वेळीच कळले तर साध्या मिठाने हा धोका टळतो, कारण मिठातील क्लोराइड कल्ल्यांच्या दारातच नायट्राइटला अडवते. टाकीवाल्याने म्हणूनच नायट्राइट व अल्कता या दोन गोष्टी, इतर सर्व राहिले तरी, सोडू नयेत.

पाण्याच्या उगमाचाही विचार येथे केला पाहिजे, कारण या तालुक्यांत पावसाखेरीज आणखी एक पाणी आहे. टाटांचे खोपोलीचे वीजगृह १९१५ साली आणि भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले. तेव्हापासून घाटमाथ्यावरील जलाशयांचे पाणी कड्यावरून नळांतून खाली येऊन एकीकडे पाताळगंगेस आणि दुसरीकडे उल्हासच्या खोऱ्यात सोडले जाते. भिवपुरीच्या त्या पाण्यावर राजनाला कालवा चालतो आणि कर्जतचे उन्हाळी भात पिकते. ज्याच्या तळ्याला असे कालव्याचे पाणी लागते, त्याने ते शुद्ध आहे असे गृहीत धरू नये. भातखाचरांतून फिरून आलेल्या पाण्यात खते व कीटकनाशके असू शकतात. पाताळगंगेच्या काठी रसायनी-मोहोपाड्याकडे तर कारखान्यांचा पट्टाच आहे, आणि नदीतून पंपाने पाणी घेणाऱ्याने त्या दिशेस अधिकच सावध असले पाहिजे. घाटाच्या माथ्यावर लोणावळ्यास वळवणच्या जलाशयाकाठी टाटांनी महाशीर माशाचे जे प्रजनन केंद्र उभारले, आणि जेथे सी. व्ही. कुलकर्णी व एस. एन. ओगले यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात दख्खनी महाशीरच्या कृत्रिम प्रजननाचे मोलाचे काम केले, तेथे अंडी वाहत्या, प्राणवायुयुक्त, स्वच्छ पाण्यात उबवावी लागतात. पाणी बिघडले तर अंड्यांवर बुरशीचे कापूस फुटतात. आपल्या मुलखाच्या डोक्यावरच पाण्याच्या जपणुकीचा इतका सुंदर पाठ गिरविला गेला, हे आपल्याकडील तळेवाल्यांना फारसे ठाऊकही नसावे याची मला खंत वाटते.

पाणीपरीक्षेच्या मर्यादा स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. अर्गुलस ही माशाची ऊ डोळ्यांनीच दिसते. कल्ल्यांवरील सूक्ष्म कृमी सूक्ष्मदर्शकाखाली कल्ल्याचा कण धरल्यावाचून दिसत नाहीत. तिलापियाचा सरोवर-विषाणू, ज्याची ओळख २०१४ साली इस्रायलमध्ये पटली आणि जो पुढे भारतातही आढळला, त्यास सामू-अमोनियाच्या कसोट्या मुळीच ओळखीत नाहीत. आता पाण्यातूनच रोगजंतूंचा जनुकीय अंश शोधण्याची विद्या वाढते आहे: अमेरिकेतील क्लॅमथ नदीत सामन माशांना मारणाऱ्या एका परजीवीचे प्रमाण नदीच्या पाण्याचे नमुने गाळून मोजले जाते, आणि जपानच्या युरा नदीत कार्प माशांच्या विषाणूचा अंश साथ ओसरल्यानंतरही पाण्यात सापडला. ही तपासणी उद्या कर्जतच्या तळेवाल्यापर्यंत पोहोचेलही. आज तिचा मार्ग मोठ्या प्रयोगशाळांतून जातो. मुंबईत वर्सोव्यास १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. जलचरांच्या रोगांवर नजर ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. आणि ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे भ्रमणध्वनीवरील साधन जून २०२३ मध्ये खुले झाले, ज्यातून पालकास आजारी माशाची वर्दी थेट देता येते. वर्दी देताना मागील पंधरवड्याचा रोजनामा सोबत असला, तर तज्ज्ञाचे निम्मे काम झालेले असते. तो नसला, तर प्रतिजैविकांचे डबे अंदाजाने रिकामे होतात, जंतू त्यांना सरावतात, आणि क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरानसारखी मनाई असलेली द्रव्येही कोणी अज्ञानाने वापरतो. ती माशाबरोबर खाणाऱ्याच्या ताटात येतात.

‘कर्जत’ हे नाव धारण करणाऱ्या भाताच्या वाणांनी ज्या गावाची कीर्ती राज्यभर नेली, तेथील प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे आहे. रोह्याजवळ किल्ला येथे त्याच विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि रत्नागिरीस शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. या तिघांनी मिळून कर्जत आणि खोपोली येथे आठवड्यातून एक ठरलेला दिवस तळ्याच्या पाण्यासाठी राखावा, प्राणवायूचा साका काठावरच बसविण्याच्या बाटल्या पालकांना नाममात्र अनामतीवर द्याव्यात, आणि ग्रामपंचायतीचे तळे इजाऱ्याने घेणाऱ्या प्रत्येक मच्छीमार संस्थेला रोजनामा ठेवण्याची अट घालावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. यास नवी इमारत लागत नाही. एक मेज, दोन शिकलेले तरुण आणि नियमितपणा लागतो.

हा अंक हाती पडेल तेव्हा पावसाळा संपलेला असेल, तळी काठोकाठ भरलेली असतील आणि थंडीला अजून थोडा अवधी असेल. ज्यांची तळी या दोन तालुक्यांत आहेत, त्यांना माझी विनंती आहे की या पंधरवड्यात एकदा अल्कता तपासून घ्यावी, पन्नासच्या खाली असली तर चुनखडी टाकावी, आणि येत्या सोमवारपासून सूर्योदयापूर्वी एकदा व दुपारी तीनच्या सुमारास एकदा, अशी दोन वेळची नोंद वहीत करू लागावे. जे मुंबईस राहतात आणि शनिवारी-रविवारी शेतघरी येतात, त्यांनी ही वही तळ्याची राखण करणाऱ्या माणसाच्या हाती द्यावी, त्यास ती वाचावयास शिकवावे, आणि त्या कामाचा वेगळा मेहनताना द्यावा.